हललं का?

मी ऑफिसात रुजू झाले त्याच दिवशी आंधळेमामांनी मी जिवंत आहे का ते तपासलं.

कानाला हेडफोन लावून मी एका गिऱ्हाइकाची वाट बघत बसले होते. गिऱ्हाईक टीव्हीच्या मागची वायर शोधायला गेलं होतं आणि मी समोरच्या भिंतीवरच्या ओलीच्या डागाकडे बघत होते. मानेवर काहीतरी जाणवलं म्हणून वळले, तर हातभर अंतरावर एक माणूस उभा. डोक्यावर टोपी, गळ्यात मफलर, नजर थेट माझ्या डोळ्यांवर. बोलेना, हसेना. घाबरून माझी पापणी मिटली, तसा तो समाधानाने म्हणाला, "हां. चालू हाय." आणि आतल्या खोलीत निघून गेला.

संध्याकाळी घरी जाऊन मी नवऱ्याला सांगितलं, नोकरी बरी आहे, पण आत एक माणूस बसतो, त्याचं काही सांगता येत नाही.

आमचं केबलचं ऑफिस नागापूरला, एमआयडीसीच्या कडेला, एका वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर आहे. खाली दिवसभर लोखंड कातत असतात, वर गच्चीत डिश अँटेना आभाळाकडे तोंड करून बसलेल्या असतात. बाहेरच्या खोलीत मी. कोणाचा टीव्ही बंद पडला की फोन मला येतो. आतल्या थंडगार खोलीत भानुदास आंधळे. पाथर्डी तालुक्यात हे आडनाव सगळीकडे, त्यामुळे तिकडे त्याचं कोणी काही मानत नाही. आमच्याकडे मात्र "टीव्हीवर लक्ष ठेवायला आंधळे" हा विनोद प्रत्येक नवा माणूस एकदा करतोच. मामा हसतात. फक्त हसतानाही समोरच्याच्या डोळ्यांवरून नजर काढत नाहीत.

त्या आतल्या खोलीला खिडकी नाही. एका भिंतीवर मोठमोठे पडदे, आणि प्रत्येक पडद्यावर चौकोनी चौकोनी तुकड्यांत एकेक चॅनल. बातम्या देणारे, रडणाऱ्या सुना, भाजी परतणाऱ्या बायका, कीर्तनकार, क्रिकेट. आवाज सगळ्यांचे बंद. शेकडो तोंडं एकाच वेळी हलत असतात आणि खोलीत ऐकू येतो तो फक्त मशिनींच्या पंख्यांचा आवाज. मी पहिल्यांदा आत गेले तेव्हा मला वाटलं, ही सगळी माणसं काचेमागे अडकली आहेत आणि आपल्याला काहीतरी ओरडून सांगताहेत. मी चहाचा कप ठेवला आणि बाहेर आले. पुढे बरेच दिवस मी कप दारातूनच द्यायचे.

मामांचं काम या तोंडांवर नजर ठेवण्याचं. कुठल्या चॅनलचं चित्र अडकलं, काळं पडलं, आवाज गेला, की ते हुडकायचं आणि ज्या मशीनमधून ते चॅनल येतं ते बंद करून पुन्हा चालू करायचं. त्यांचे शब्द त्यांचेच होते. चित्रात चौकटी दिसू लागल्या की "फरशा पडल्या". आवाज गेला की "मुकं झालं". पडदा काळा झाला की "डोळा मिटला". आणि चित्र जागच्या जागी थिजलं की "बसलं". बसलेलं चॅनल चालू करण्याला ते "उठवणं" म्हणत. बटण दाबण्याआधी हळूच "उठा" म्हणत, झोपलेल्या पाहुण्याला म्हणावं तसं.

चित्र थिजलं तर कॉम्प्युटर आपणहून पिवळा दिवा दाखवतो. पण त्या दिव्यावर मामांचा भरवसा नव्हता. देवाधर्माच्या चॅनलवर मूर्ती दाखवतात, मूर्ती काही हलत नाही, कॉम्प्युटर उगाच बोंब मारतो. मग मामा समईच्या वातीकडे बघत बसायचे. वात थरथरली की चॅनल जिवंत. "हललं का?" हा त्यांचा दिवसभराचा प्रश्न. स्वतःलाच विचारायचे, स्वतःच उत्तर द्यायचे. "हललं का? हललं."

इथपर्यंत ठीक होतं. प्रत्येक धंद्याची माणसाला एक सवय लागते. शिंपी तुमच्याकडे बघताना माप घेतो, न्हावी आधी केस बघतो. पण मामांची सवय त्या खोलीत मावेना.

आमच्या मालकांच्या आई वारल्या तेव्हा ऑफिसात श्रद्धांजलीसाठी सगळे उभे राहिलो. मान खाली, डोळे मिटलेले. थोड्या वेळाने कोणीतरी माझ्या कोपराला बोट लावलं. मी दचकून डोळे उघडले. मामा रांगेतून चालले होते, एकेकाच्या कोपराला बोट लावत. ज्याने डोळे उघडले त्याच्याकडे बघून मान डोलवायची आणि पुढच्याकडे जायचं. शेवटी मालकांपाशी आले. मालक रडत होते, खांदे हलत होते. मामांनी त्यांना हात लावला नाही. त्यांच्यापुरतं काम झालेलं होतं.

कापडबाजारातून चालताना ते साड्यांच्या दुकानांची बाजू सोडून पलीकडून जायचे. दुकानांबाहेर साड्या नेसवलेले पुतळे उभे असतात ना, त्यांच्यामुळे. एकदा मला खरेदीला मदत म्हणून आले आणि एका पुतळ्यापुढे अडकले. माझं ब्लाउजपीस घेऊन झालं तरी हे तिथेच. दुकानदाराने मला बाजूला घेऊन विचारलं की पाहुण्यांना काही पसंत पडलं आहे का. मामांच्या कपाळावर घाम आला होता. मी हात धरून त्यांना बाजूला केलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "माहीत हाय ताई, पुतळा हाय. पन एकदा बगून झालं की सोडून कसं जायाचं?"

लोकांच्या लग्नातल्या फोटोत मामा कायम पुसट. फोटोग्राफर "हलू नका" म्हणाला की हे डुलायला लागत. एका जागी बसले तरी मांडी हलायची, पाय हलायचा, बोटं वाजायची. स्वतःच बसलो तर आपल्याला कोण उठवणार, अशी काहीतरी धास्ती असावी. कारण ते एकटे राहत. नागापुरातच एक खोली, एक स्टोव्ह, एक कॉट. लग्न केलेलं नव्हतं. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि त्या नजरेसमोर विचारायचा धीर कोणाला होता?

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट.

आमच्या नेटवर्कचं स्वतःचं एक छोटं चॅनल आहे. तिसगावच्या पुढे माळावर एका वस्तीत देवीचं देऊळ आहे, तिथे आम्ही एक कॅमेरा बसवलाय. दिवसभर देवीचं दर्शन चालू. टीव्हीवरही दिसतं, मोबाईलवरही. माईक नाही. लोक देवीला काय काय मागतात ते गावभर जायला नको, म्हणून गुरवाने माईक काढायला लावला होता. दिवाळी झाली की त्या भागातली बरीच माणसं ऊसतोडीला जातात. घरांना कुलपं, वस्तीत म्हातारी माणसं आणि कुत्री. त्यामुळे चित्रात बहुतेक वेळ काहीच घडत नसे. उजवीकडे गाभारा आणि समई, डावीकडे सभामंडपाचा खांब, मध्ये रिकामी फरशी. रिकाम्या फरशीवर कॉम्प्युटरने बोंब मारू नये, एवढी सोय मामांनी करून घेतली होती.

त्या चॅनलवर रोज दुपारी पिवळा दिवा लागू लागला. दिवा लागायचा, मामा चॅनल उठवायचे, चित्र थोडा वेळ जायचं आणि परत यायचं. पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. त्याच सुमारास मला एका बाईचे फोन येऊ लागले. मागे वारा सुटलेला, उसाच्या पाचटाची सळसळ. तिचं म्हणणं एकच, देवीचं चॅनल नेमकं दुपारी जातं, तेवढं करा काहीतरी. मी तक्रार आत द्यायचे. तक्रार आली म्हणून मामा आणखी काळजीने उठवायचे.

एके दिवशी दिवा सकाळीच लागला. मामांनी उठवलं, पुन्हा लागला. तिसगावच्या लाइनमनला फोन केला, तो म्हणाला वायर ठीक आहे. दुपारी मामा दारात आले आणि म्हणाले, "ताई, जरा येता का? चार डोळ्यांनी बगू."

चॅनलचा चौकोन त्यांनी एका पडद्यावर पूर्ण मोठा करून ठेवला होता. गाभारा, समई, खांब. खांबाला टेकून एक म्हातारा बसलेला. पांढरं धोतर, डोक्याला पटका, हात मांडीवर, तोंड सरळ कॅमेऱ्याकडे. डोळे उघडे. मामा म्हणाले, हा बाबा रोज दुपारी दिसतो, थोडा वेळ बसतो आणि जातो. आज सकाळपासून आहे.

आम्ही बघत राहिलो. समईची वात इतक्या लांबून कळत नव्हती. म्हातारा हलत नव्हता. मी म्हटलं, मामा, चित्र अडकलंय, दुसरं काय.

तेवढ्यात चित्रात एक शेळी आली.

डावीकडून आली, फरशीवरून चालत म्हाताऱ्यापाशी गेली, त्याच्या पायाच्या अंगठ्याचा वास घेतला. अंगठा चाटला. मग कंटाळून गाभाऱ्याच्या बाजूने निघून गेली. म्हातारा जसाच्या तसा.

मामा हळू आवाजात म्हणाले, "पिक्चर चालू हाय. बाबा बसलाय."

गुरवाचा फोन लागला नाही. वस्तीतल्या दुसऱ्या कोणाचा नंबर आमच्याकडे नव्हता. लाइनमन पार पाथर्डीच्या पलीकडे एका खांबावर चढलेला. मामांनी खुर्चीच्या पाठीवरचा मफलर उचलला, ऑफिसच्या गाडीची किल्ली घेतली आणि मला म्हणाले, तुम्ही इथून उठायचं नाही. बाहेरच्या खोलीत माझे फोन वाजत होते. वाजू दिले.

ते गेले आणि त्या खोलीत मी एकटी उरले. आजूबाजूला शेकडो तोंडं मुक्याने बोलत होती, आणि मध्ये एकच चेहरा गप्प. तो माझ्याकडेच बघत होता असं मला वाटू लागलं. मी खुर्ची सरकवली, तरी माझ्याकडेच. मामा वाटेत थांबून थांबून फोन करत होते, आणि दर वेळी एकच प्रश्न. मी म्हणायचे, नाही मामा. मग फोन बंद. नंतर नंतर मीच पडद्याला मनात विचारू लागले. पापणी मिटायचीही भीती वाटायला लागली. वाटलं, मी मिटली आणि नेमकी तेव्हाच त्याने मिटली, तर मला कळणार कसं?

अखेर त्यांचा फोन आला. पोचलो म्हणाले, फोन बंद करत नाही, खिशात ठेवतो. गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. पायऱ्यांवर चपला काढल्या. फरशीवर अनवाणी पावलं वाजली. मी पडद्याकडे बघत होते. पडद्यावर कोणीही नव्हतं.

पावलं थांबली. कानात मामांचा श्वास येत होता, अगदी जवळ, आणि समोर रिकामी फरशी आणि तो एकटा म्हातारा. मग फोनमधून एक खरखरीत आवाज आला, "कोन हाय?"

पडद्यावरच्या म्हाताऱ्याचे ओठ मिटलेले होते.

मग आठवलं. कॅमेऱ्यातलं चित्र आमच्या भिंतीपर्यंत यायला वेळ लागतो, अर्धा कप चहा पिऊन होईल इतका. फोन मात्र तिथल्या तिथे ऐकू येतो. मी आत्ताचं ऐकत होते आणि मघाचं बघत होते. मामा पडद्यावर आले ते त्यानंतर. चोरपावलांनी डावीकडून आले, वाकले, आणि म्हाताऱ्याचे ओठ उघडले. ते शब्द मला आधीच ऐकू येऊन गेले होते. तरी ते हललेले ओठ बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

फोनमधून पुढचं बोलणं येतच होतं. म्हाताऱ्याला सगळे आबा म्हणत. आबा म्हणे रोज दुपारी तिथे मुद्दाम बसत. मुलगा, सून आणि नात तोडीला गेलेले. दुपारी भाकरी खायला बसले की मोबाईलवर देवीचं चॅनल लावत आणि आबांना बघत. फोनवर बोललं तर आबा सगळं बरंच आहे असं सांगणार, म्हणून नातीने ही युक्ती काढली होती. उसाच्या फडात मोबाईलला रेंज कमी. आबा जरा हलले की त्यांचा चेहरा तुटायचा, चौकटी चौकटी व्हायच्या. तेव्हा नातीने बजावून सांगितलं होतं की कॅमेऱ्यापुढे बसलं की अजिबात हलायचं नाही. आबांनी ते मनावर घेतलं आणि दगडासारखं बसायला शिकले. ते दगडासारखे बसले की आमचा पिवळा दिवा लागायचा, आणि दिवा लागला की मामा चॅनल बंद करून उठवायचे. नेमकं त्या तिघांच्या जेवणाच्या वेळी.

त्या दिवशी सकाळचा सुनेचा फोन आला नव्हता. आबांनी लावला तर लागेना. आता ते केव्हा बघतील याचा नेम नाही, म्हणून आबा सकाळपासून बसून होते. पाणीसुद्धा प्यायले नव्हते. पाय बधिर झाले होते, शेळीने चाटलेलं कळलं नाही.

मामांनी त्यांना गाडीतली बाटली दिली असावी. पाणी प्यायल्याचा आवाज आला. मग मामा बोलू लागले. फोन खिशात चालू आहे हे ते विसरले होते की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

"आबा, माझा बाप असाच बसला हुता. टीव्हीपुढं. मी कामाला जाताना बगितला, जेवायला आलो तवा बगितला. टीव्हीत मानसं नाचत हुती. म्हनलं, बगतोय म्हातारा, बगू द्या. जाता जाता आवाज बारीक केला. सांजंला हात लावला तर गार. कवाचा गेलता कोनाला ठावं. टीव्ही चालूच हुता."

मी पडद्याकडे बघितलं. पडद्यावर मामा अजून बाटलीचं झाकण उघडत होते. मग त्यांनी तोंड उघडलं आणि मी ऐकून चुकलेलं ते सगळं मला पुन्हा, आवाजाशिवाय, बघावं लागलं. टीव्हीत माणसं नाचत होती म्हणताना त्यांनी हाताने नाच करून दाखवला. आवाज बारीक करताना दोन बोटांनी बटण फिरवलं.

दुपारी चॅनल जातं म्हणून फोन करणारी ती बाई म्हणजे आबांची सून, हे आता माझ्या लक्षात आलं. तिचा नंबर माझ्याकडे होताच. मी टेबलावरच्या फोनवरून लावत राहिले, आणि बऱ्याच वेळाने तो लागला. मोबाईल पाण्याच्या पाटात पडला होता म्हणे, उन्हात वाळवून आत्ता कुठे चालू झाला. मी म्हटलं, चॅनल लावा. तिकडे धावपळ झाली, मोळ्या टाकल्याचा आवाज आला. मग बारीक आवाजात कोणीतरी म्हणालं, दिसला, आबा दिसला.

सुनेने विचारलं, "आबाजवळ ते कोन बसलंय?"

मी म्हटलं, "आमचे मामा आहेत."

नातीने फोन ओढून घेतला. तिची तक्रार होती. ते मामा सारखे हलतात, त्यांच्यामुळे आबांचं तोंड फुटतंय, त्यांना नीट बसायला सांगा. मी दुसरा फोन तोंडाशी धरला आणि निरोप दिला. मामा, तिकडून बघताहेत, हलू नका म्हणतात.

पडद्यावर मामांची मांडी नेहमीसारखी हलत होती, बोटं चाळा करत होती. मग निरोप चित्रात पोचला. त्यांनी मांडी दाबून धरली. हात आबांसारखे मांडीवर ठेवले, पाठ खांबाला टेकवली, आणि बसले. दोन माणसं, एक समई. कॉम्प्युटरवर पिवळा दिवा लागला. मी त्याला हात लावला नाही.

तिकडे भाकरी खाऊन झाली, कोणीतरी हाक मारली, फोन बंद झाला. इकडचा फोन मात्र मामांच्या खिशात चालूच होता. मग आबांनी विचारलं, "आन तुमास्नी कोन बगतं?"

मी कान लावून बसले. पंख्यांचा आवाज, बाकी काही नाही. थोड्या वेळाने पडद्यावर आबांचे ओठ हलले, तो प्रश्न विचारला गेला, आणि मामांनी मान वर करून सरळ कॅमेऱ्यात बघितलं. ती नजर मला ओळखीची होती, तरी अशी कधी पाहिली नव्हती. ती काही तपासत नव्हती.

मी फोनमध्ये म्हटलं, "मी आहे मामा. बघतेय."

खिशातून फोन काढल्याची खसखस झाली. मग त्यांचा रोजचा आवाज आला.

"तुमी अजून जेवला नसाल. जेवून घ्या ताई. हितं मी हाय."

मी हो म्हटलं. पण पडद्यावर ते अजून गप्प होते, कॅमेऱ्याकडे बघत. तिथे त्यांच्या तोंडून ते शब्द निघेपर्यंत मी थांबले, आणि मग डबा उघडला.